तियो इग्मेंची जन्मखूण

"मार्विक सुधारेल का?" हा प्रश्न आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही, तो आपोआप सुरू होतो. तिया चारिंगच्या लोमीच्या दुकानात चार बाप्ये जमले, समोर शेवयांचे वाफाळते वाडगे आले, कुणी मिरची मागितली, की पुढचं वाक्य मार्विकचं. मी समोरच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. माझ्या एका खिडकीतून ते दुकान दिसतं आणि दुसरीतून पत्र्याच्या छपराखालचं बास्केटबॉलचं मैदान. त्यामुळे दोन्हीकडचा गोंधळ माझ्या कानावर फुकट पडतो. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मार्विकबद्दल मी इतकं ऐकलंय की झोपेतही बोलू शकेन.

मार्विक दिमायुगा. बाप मारियो, आई विकी, म्हणून मार्विक. आडनावाचा अर्थ 'ज्याला हलवता येत नाही तो', आणि फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला की हा गडी नखशिखांत हलतो. पण रोज नाही, हीच तर सगळी गंमत. रोज हलला असता तर गावाने त्याला केव्हाच ओवाळून टाकला असता. एखाद्या दिवशी तो असा खेळतो की शेजारच्या गावचे लोकसुद्धा स्वतःचा संघ विसरून उभे राहतात. आणि दुसऱ्याच दिवशी, तेच बूट, तोच चेंडू, तीच रिंग, आणि हा पठ्ठ्या मोकळा पास सरळ विरुद्ध संघाच्या हातात देऊन जीभ चावत परत येतो. मग अख्ख्या मैदानातून एकच शब्द उठतो, "सायांग!" हातातोंडाशी आलेलं गेलं की आमच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

"तो रात्रभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो," कूया नार्ड्स म्हणायचा. आमच्याकडे कूया म्हणजे दादा, तियो म्हणजे काका आणि तिया म्हणजे मावशी. नार्ड्स जीप चालवतो आणि जीपमध्ये जे उतारूंना ऐकवतो तेच दुकानात येऊन पुन्हा ऐकवतो.

"मोबाईल नाही रे, गुडघा," तियो पिद्योंग म्हणायचे. ते कधीकाळी पंच होते, अजून शिट्टी गळ्यात घालून फिरतात. "गुडघा वाकवतच नाही तो. मी सांगून सांगून थकलो."

"मंगळवारी तीस पॉइंट काढले तेव्हा काय गुडघा उसना आणला होता?"

"मंगळवारी वाकवला!"

"मग आज का नाही वाकवला?"

"ते त्याला विचार ना, मला काय विचारतोस?"

"पोरगी आहे कुणीतरी," तिया चारिंग कढईवरून मान न उचलता म्हणायची. "लिहून ठेवा. पोरगीशिवाय पुरुषाचं एवढं वाटोळं होत नाही."

"तिया, तुमच्या नवऱ्याचं कुणी केलं मग?"

"मी," ती म्हणायची, आणि बोलणाऱ्याच्या वाडग्यात कलेजीचा एक तुकडा कमी पडायचा.

हे असं वर्षानुवर्षं चाललेलं. आणि या सगळ्या गदारोळात दाराशेजारच्या टेबलावर एक माणूस गरम भातावर काळी कॉफी ओतून शांतपणे चमच्याने खात बसलेला असायचा. खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला. ते तियो इग्मे. पूर्ण नाव इग्मेदियो, पण ते फक्त चर्चच्या वहीत.

"तुम्ही बोला की तियो," नार्ड्स त्यांना डिवचायचा. "पोरगा तुमचा. सुधारेल का?"

"मला कळत नाही बुवा," तियो म्हणायचे. ते टाळाटाळ करत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. बाकीच्यांनाही कळत नव्हतं, पण ते कबूल करणारे गावात ते एकटेच होते.

पोरगा त्यांचा म्हणजे पोटचा नव्हे. तियो इग्मे मार्विकचे निनोंग, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातावर घेऊन उभे राहिलेले. आता आमच्याकडे एकेका पोराला डझनभर निनोंग असतात आणि बहुतेक जण नाताळच्या दिवशी पोरं दारात आली की घराला कुलूप लावून पसार होतात. तियो इग्मेंनी मात्र ते नातं भलतंच मनावर घेतलं. त्यांना आणि तिया फेलीला मूलबाळ नव्हतं. मार्विकचा बाप जहाजावर, दोन वर्षांतून एकदा यायचा, चॉकलेटं वाटायचा आणि पोराची ओळख पटेपर्यंत परत जायचा. मग मार्विकचं जेवण फेलीकडे, अभ्यास फेलीकडे, मार खाणं आईकडे आणि रडणं पुन्हा फेलीकडे. तियोंनी आपल्या जीपच्या कपाळावर मोठ्या लाल अक्षरांत 'मार्विक' रंगवून घेतलं होतं. उतारू त्यांनाच मार्विक म्हणून हाक मारायचे आणि ते ओ द्यायचे.

घरामागच्या माडाला लोखंडी सळी वाकवून पहिली रिंग त्यांनीच ठोकली. स्वतः कधी खेळले नाहीत, बुटके आहेत. पण पोरगा चेंडू टाकायचा आणि हे आणून द्यायचे, पोरगा टाकायचा, हे आणून द्यायचे. फेली स्वयंपाकघरातून ओरडायची की खेळतोय कोण नक्की, धावतोय तर हाच म्हातारा. फेली गेली, जीप विकली, गुडघे गेले. उरला तो मार्विकचा खेळ. मैदानात खांबाला लागून एक जागा आहे, तिथून दोन्ही रिंगा दिसतात. ती तियोंची. सामना कुठलाही असो, गावातला असो की सराव असो, ते तिथे. ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत, नुसते बघतात.

यंदाची गोष्ट मात्र वेगळी होती. गावच्या संताच्या उत्सवातल्या स्पर्धेला शहरातल्या संघाचा प्रशिक्षक गेल्या वर्षी आला होता, मुद्दाम मार्विकला बघायला. त्या दिवशी मार्विक असा खेळला की प्रशिक्षक मध्यंतरातच उठून गेला. यंदा त्याने निरोप धाडला, अंतिम सामना बघतो, पण हे शेवटचं. मार्विक पंचविशी ओलांडून गेलेला. आईने जहाजाची नोकरी पक्की करून ठेवली होती. निवड झाली नाही तर उत्सव संपला की तो बापाच्या वाटेने जाणार होता, आणि त्या वाटेने गेलेली माणसं आमच्याकडे फक्त सुट्टीला येतात. म्हणून दुकानातला वाद यंदा नेहमीसारखा नव्हता. लोमी थंड होत होती आणि तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यातच नार्ड्सच्या डोक्यात किडा वळवळला.

"थांबा," तो म्हणाला. "पाम्पांगाच्या पोरांना हरवलं तेव्हा तियो कुठे होते?"

"हर्नियाचं ऑपरेशन," पिद्योंग म्हणाले.

"आणि तीस पॉइंट काढले, त्या मंगळवारी?"

"तिया फेलीच्या पुण्यतिथीची प्रार्थना होती."

"आणि गेल्या वर्षी तो प्रशिक्षक आला तेव्हा?"

सगळ्यांना आठवत होतं. तियो खांबाजवळ होते, नवा शर्ट घालून.

नार्ड्स हळूच पुढे वाकला. "तियो, राग मानू नका हां. पण तुमच्या बुडावर जन्मखूण आहे का हो?"

दुकानात असा हशा पिकला की माझ्याकडे इंजेक्शन घेणारं बाळ दचकून रडायचं थांबलं. बुडावर डाग असलेला माणूस आमच्याकडे लग्नात पुढे बसत नाही, पत्त्यांच्या डावात मागे उभा राहत नाही. जिथे तो टेकेल तिथे माशी शिंकलीच. अर्थात हे कुणी कपडे उतरवून तपासत नाही. आधी काहीतरी फिसकटतं आणि मग ज्याच्यावर नजर जाईल त्याच्या बुडावर डाग उमटतो.

तियो इग्मेही हसले. पण मी खिडकीतून बघत होते. त्यांनी उरलेला भात तसाच ठेवला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. बाकावर बसले, उठले, भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचून काढलं, परत बसले.

"काय होतंय तियो?"

"काही नाही."

"मग?"

"मिस," ते टॉवेलशी चाळा करत म्हणाले, "माणसाला स्वतःचं बूड दिसत नाही."

"नाही दिसत."

"आरशात बघायचा प्रयत्न केला. आरसा दाढीचा, छोटा. मान वळवली तर गुडघा दुखतो."

मी हसू दाबायला ओठ चावला. पण त्यांचा चेहरा पाहून हसू विरलं. ते खरोखर हैराण झाले होते.

"फेलीला माहीत असणार," ते म्हणाले. "एवढी वर्षं संसार केला. पण ती कधी बोलली नाही. आता मला वाटतं, नव्हताच म्हणून बोलली नाही, की मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही? ती तशी होती मिस. मी बेसूर गायचो, तेही तिने कधी सांगितलं नाही."

मी दार लावून घेतलं. नर्सच्या नोकरीत काय काय बघावं लागतं याला सुमार नाही, तेव्हा त्यात काय एवढं. बघितलं. स्वच्छ. तीळसुद्धा नाही. तसं मी त्यांना सांगितलं आणि वर चार शब्द नार्ड्सच्या अकलेबद्दलही सुनावले. मला वाटलं होतं, सुटलो म्हणून ते खूश होतील. ते पट्टा बांधत तसेच उभे राहिले.

"मग पोराचं नक्की काय चुकतं?" त्यांनी विचारलं.

आता याचं मी काय उत्तर देणार? माझ्याकडे ताप, जुलाब आणि बाळंतपण. मी म्हटलं, "ते मला काय माहीत तियो. जा घरी आणि जाऊन बसा आपल्या जागेवर."

ते बसले. उपांत्य सामन्याला आपल्या खांबाजवळ बसले आणि मार्विक त्या दिवशी इतका भिकार खेळला की मलासुद्धा कळलं. मी केंद्राच्या पायरीवर उभी होते. ऊन तापलेलं, पत्र्याखाली माणसांची रेटारेटी, माईकवरचा माणूस मार्विकचं नाव घेतानाच उसासा टाकत होता. चेंडू रिंगला लागून बाहेर, फळीला लागून बाहेर, एकदा तर कशालाच न लागता बाहेर.

"तियो, उठा!" नार्ड्स ओरडला.

लोक हसले. मग अजून कुणीतरी ओरडलं. मग टाळ्यांच्या तालावर सगळेच, "उ-ठा! उ-ठा!" पोरं, बायका, पाद्र्याचा मदतनीससुद्धा. चेष्टाच होती, आमच्याकडे चेष्टा करायला कारण लागत नाही. मी मात्र संतापले. खाली उतरून नार्ड्सच्या कानाखाली द्यावी असं वाटलं. पण तेवढ्यात तियो उठले. हात जोडल्यासारखे करून, हसत हसत, माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर आले. माझ्या पायरीवरून गेले, चर्चच्या मागच्या भिंतीजवळ जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आणि आतून आवाज आला. आनंदाचा. माईकवरचा माणूस किंचाळला, "मार्विक!" परत आवाज. परत मार्विक. पिछाडीवरचा सामना आम्ही हां हां म्हणता जिंकला.

त्यानंतर मी स्वतःच चक्रावले. डाग नव्हता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारा उठला आणि पोरगा खेळायला लागला, हेही याच डोळ्यांनी. त्या रात्री मी नवऱ्याला न सांगता मनाशी उजळणी करत होते की तपासलं त्या दुपारी खिडकीतून उजेड पुरेसा येत होता ना, मी नीट बघितलं होतं ना. परिचारिकेची पदवी घेतलेली बाई मी, आणि अंथरुणात पडून एका म्हाताऱ्याचं बूड आठवतेय. स्वतःची लाज वाटली, पण झोप लागेना.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तियो रक्तदाब मोजायला आले होते. पट्टा दंडाला बांधलेला, तेवढ्यात मार्विक दारात. बोट सुजलेलं. तियोंना बघून तो घुटमळला, मग आत येऊन नमस्कारासाठी त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. केवढा उंच पोरगा, पण त्या दिवशी बाकावर मावेल एवढाच दिसत होता.

मी बोटाला बर्फ लावला.

"निनोंग," शेवटी तो म्हणाला, "ते लोक म्हणतात ते खरंय का?"

"काय म्हणतात?"

"डागाचं."

"तू पण का रे?" मी मध्येच तोंड घातलं. "शाळेत गेलास ना चांगला?"

"मी चिडलो नाहीये मिस," तो म्हणाला. "निनोंग, देवाशपथ, तुमच्यावर राग नाही. उलट..." तो बोटाकडे बघत राहिला. "मला सगळे विचारतात, तुला होतं काय? आई विचारते, आपला प्रशिक्षक विचारतो, जीपमधली अनोळखी माणसं विचारतात. मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं? सकाळी उठतो, हात तेच असतात. चेंडू हातात आल्यावर कळतं की आज हे माझे हात नाहीत. का नाहीत, ते कळत नाही. झोपलेलो असतो, जेवलेलो असतो, पोरगीबिरगी कुणी नाही. मग वाटतं, माझ्यातच काहीतरी सडकं आहे, आणि ते काढायचं कसं तेच कळत नाही." त्याने बोटावरचा बर्फ बाजूला सारला. "डाग असता ना निनोंग, तर बरं झालं असतं. निदान ते माझ्यात नसतं."

मी पट्ट्यातली हवा सोडायची विसरले होते, त्यांचा दंड आवळला गेला होता, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"आहे," ते म्हणाले.

"काय?"

"डाग. नाण्याएवढा. तुझी निनांग, फेली, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, कुणाला सांगू नका, लोक आपल्याला लग्नाला बोलवायचे नाहीत."

मार्विक त्यांच्याकडे बघतच राहिला. "खरंच?"

"मिसना विचार. त्यांनी पाहिलाय."

मी आडवीतिडवी शिवी गिळली. हा म्हातारा, ज्याने जन्मात जीपचं भाडं चुकवणाऱ्यालाही खोटं ठरवलं नाही, तो माझ्या समोर बसून सपशेल खोटं बोलत होता आणि मला त्यात ओढत होता. मार्विकने माझ्याकडे मान वळवली. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या बापांच्या डोळ्यांत पाहिलंय. "नाही" म्हणायला माझी जीभ उचलली गेली.

"पेशंटच्या अंगावर काय आहे ते मी कुणाला सांगत नाही," मी म्हणाले.

झालं. एवढं त्याला पुरलं. तो आधी नुसता श्वास सोडत राहिला, मग हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "म्हणजे इतकी वर्षं..." तो म्हणाला. "म्हणजे प्रत्येक वेळी..."

"प्रत्येक वेळी," तियो म्हणाले. "माझंच चुकलं. हौस आवरत नव्हती."

"मग उद्या तुम्ही..."

"उद्या मी येत नाही. उद्याच काय, तू खेळशील तिथे कधीच येणार नाही. जा. बोट बांधून घे आणि जा, झोप."

तो गेल्यावर मी पट्टा सोडला आणि तियोंना असं फैलावर घेतलं की बाहेरची कोंबडी पळाली. "खोटं बोललात! माझ्या तोंडून वदवलंत! काही नाहीये तुमच्या बुडावर, कळतंय ना तुम्हाला?"

"मिस," ते दंड चोळत म्हणाले, "तुम्ही नीट बघितलं होतं का? कारण त्या दिवशी मी उठलो आणि तो खेळला. आता मलाही नक्की सांगता यायचं नाही."

"आणि समजा उद्याही तो वाईट खेळला तर? मग काय सांगाल त्याला?"

त्यांनी याचा विचार केलाच नव्हता. चेहऱ्यावरून रंग उतरला. डागाचं खोटं उद्या वाया गेलं, तर पोराजवळ स्वतःला दोष देण्यावाचून काहीच उरणार नव्हतं. ते टॉवेल खांद्यावर टाकून उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"उद्या मी इथे बसलो तर चालेल का?" त्यांनी विचारलं. "घरून आवाज ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच गाव मैदानात लोटलं. मी पायरीवर उभी, तियो आत बाकावर, मैदानाकडे पाठ करून. शहरातला प्रशिक्षक पहिल्या रांगेत, गळ्यात कुणीतरी हार घातलेला, हातात पंखा. खांबाजवळची जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत तिथे कुणीच टेकलं नव्हतं, नार्ड्ससुद्धा दोन हात लांब बसला होता.

सामना सुरू झाला आणि मार्विकचा पहिला चेंडू बाहेर गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला पास देताना चेंडू हातातून निसटला.

"सायांग!" अख्खं मैदान कळवळलं.

मी मागे वळून पाहिलं. तियो उभे राहिले होते. "मिस, मी जवळ आहे का फार?" त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "मागे जाऊ का?"

एरवी मी त्यांना झापलं असतं. मला सगळं माहीत होतं ना. पण मी, पदवी घेतलेली, घाबरून म्हणाले, "जा. मागच्या दाराने जा. पाण्याच्या टाकीपाशी."

ते लंगडत गेले. टाकीमागे डुकरांचा गोठा, तिथे तियो उभे राहिले. मी पायरी आणि मागचं दार यांच्यात पळू लागले. पळत जायची, बघायची, परत येऊन सांगायची. "एक झाला!" मी ओरडले. "कुणाचा?" "त्याचाच!" ते आणखी चार पावलं मागे सरले. मी परत गेले, परत आले. "अजून एक! लांबून!" ते आणखी मागे, आता चिखलात. "तियो, पुरे, पडाल!" "तुम्ही बघून या मिस, तुम्ही या बघून," ते म्हणत होते.

मार्विक खेळत होता. मला खेळ कळत नाही, पण त्या दिवशी ते हात त्याचेच होते, एवढं मला कळलं. चुकला की मान खाली न घालता तो नुसता हसायचा आणि परत धावायचा. चूक आपली नाही हे माहीत असलेला माणूस किती हलका धावतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. तियो नव्हते म्हणून तो असा खेळत होता, की तियोंनी थाप मारली म्हणून, की हा त्याचा चांगला दिवस होता आणि तो नाहीतरी असाच खेळला असता? मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळत नाही. दुकानात मात्र सगळ्यांना पक्कं कळलंय.

शेवटचे क्षण उरले होते, आम्ही एका पॉइंटने मागे. मार्विकच्या हातात चेंडू आला, तो वळला, त्याच्यासमोर दोघे उंच पोरगे उभे, आणि मग काहीतरी झालं आणि चेंडू रिंगमधून खाली पडला. माणसं खुर्च्यांवर चढली. पिद्योंग शिट्टी फुंकत सुटले. तिया चारिंग नार्ड्सच्या गळ्यात पडली. शहरातला प्रशिक्षक पंखा टाकून उठला आणि घामाने निथळणाऱ्या मार्विकचा हात त्याने दोन्ही हातांनी धरला. नोकरी, जहाज, सगळं तिथल्या तिथे मिटलं.

मी आत येईपर्यंत तियो टाकीपासून परत बाकापाशी आले होते, पाय चिखलाने भरलेले. मी काही सांगायच्या आत मार्विक दारातून आत घुसला. लोकांना चुकवून आला होता. त्याने तियोंना उचललंच, चिखलासकट, आणि गरगर फिरवलं.

"निनोंग!" तो ओरडत होता. "निनोंग, खरंच तुम्हीच होतात! इतकी वर्षं, तुम्हीच!"

"सांगितलं होतं ना मी," तियो म्हणाले आणि हसले. एकही दात नसलेलं मोकळं हसू. पोरगा त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन आला तसा पळाला, बाहेर त्याला खांद्यावर घ्यायला माणसं उभी होती.

मी तोंड उघडलं होतं, मिटलं. बादलीत पाणी घेऊन आले, त्यांचे पाय धुवायला. ते बाकावर बसले होते, गाल ओले, मार्विकच्या घामाने की कशाने ते मी पाहिलं नाही. बाहेर वाजंत्री सुरू झाली.

"मिस," त्यांनी विचारलं, "तो शेवटचा चेंडू. त्याने कसा टाकला? उडी मारून, की उभ्यानेच?"

मी बादली खाली ठेवली. मी तिथेच उभी होते, डोळे उघडे होते, समोर झालं होतं. पण मी बघत होते ती रिंगकडे.

"आठवत नाही तियो."

"माईकवर ऐकलं, दोघं समोर होते ना? मग कुणाच्या बाजूने वळला?"

"मला खरंच नाही माहीत."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"आठवा ना मिस," ते म्हणाले. "नीट आठवा."